गिझरचा प्लग पुन्हा पुन्हा जळतो? सॉकेट बदलण्याआधी व्होल्ट आणि अँपिअर मोजा

आधी लक्षणं सांगतो. यातली दोन-तीन जरी तुमच्या घरात दिसत असतील तरी पुढचं वाचा.

गिझर चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत थ्री-पिन टॉप (प्लग) हाताला गरम लागतो. फेजची किंवा न्यूट्रलची पिन काळपट होते, सॉकेटच्या त्याच भोकाभोवतीचं प्लास्टिक पिवळं, मग तपकिरी पडतं. बोर्डाजवळ जळकट, किंचित मासळीसारखा वास येतो. गिझर लागला की बाथरूमचा दिवा मंदावतो. पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप खाली पडणारं बटण) लगेच पडत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पडते, थोड्या वेळाने वर केली की राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण म्हणजे सॉकेट नवीन बसवला तरी काही महिन्यांत तीच तक्रार परत येते.

ठाण्यात नौपाडा, वर्तकनगर, कळवा आणि खाडीपलीकडे वाशी, नेरूळ, कोपरखैरणे या भागांत मी घरगुती वायरिंगची कामं करतो. थंडी सुरू झाली की या एकाच बिघाडाचे फोन येतात. कळव्याच्या एका काकूंनी विचारलं होतं, "दादा, दरवर्षी नवा सॉकेट लावतोय, कंपनीच खराब आहे का?" बहुतेक वेळा कंपनीचा दोष नसतो. सॉकेट बदलताना कोणी मोजलेलं नसतं, म्हणून मूळ जागा तशीच राहते. मोजायला लागतं ते शाळेतलं गणित: व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहममध्ये रोध मिळतो, व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅटमध्ये शक्ती मिळते. हे दोन आकडे हातात आले की बिघाड गिझरमध्ये आहे, वायरमध्ये आहे की जोडात, हे बऱ्यापैकी कळतं.

पहिली तपासणी, फुकटची: गिझरवरची पाटी वाचा

गिझरच्या अंगावर एक पट्टी असते. तिच्यावर २३० व्होल्ट आणि २००० वॅट किंवा ३००० वॅट लिहिलेलं असतं. साठवणीच्या गिझरला बहुतेक २०००, लहान इन्स्टंट गिझरला बहुतेक ३०००. वॅटला व्होल्टने भागा. २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. ३००० भागिले २३० म्हणजे १३ अँपिअर.

हे कशासाठी? कारण घरातला छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो आणि मोठा, जाड भोकांचा, १६ अँपिअरचा. ८.७ अँपिअरचा गिझर कन्व्हर्टर लावून छोट्या सॉकेटवर किंवा साध्या एक्स्टेंशन बोर्डवर चालत असेल तर तपासणी इथेच संपली. तो सॉकेट जळणारच. १६ अँपिअरचा पॉइंट डीबीपासून (एमसीबी असतात त्या पेटीपासून) वेगळ्या वायरने घ्या. नुसता मोठा सॉकेट त्याच जुन्या वायरवर बसवू नका.

एमसीबीचं गणितही आत्ताच करून टाका. १० अँपिअरच्या एमसीबीवर २००० वॅटचा गिझर एकटा चालतो. त्याच वेळी त्याच लाइनवर १००० वॅटची इस्त्री लावली की एकूण ३००० वॅट, म्हणजे १३ अँपिअर झाले. १० च्या एमसीबीवर १३ म्हणजे १.३ पट. या श्रेणीत एमसीबी झटक्यात पडत नाही, आतली द्विधातूची पट्टी हळूहळू तापून वाकते आणि मग पडते. मानकाप्रमाणे १.१३ पट प्रवाहावर तिने तासभर पडायचं नसतं आणि १.४५ पट प्रवाहावर तासाभरात पडलंच पाहिजे. मधल्या पट्ट्यात ती कधी दहा मिनिटांनी पडेल, कधी पाऊण तासाने. "एमसीबी उगाच पडते" अशा अनेक तक्रारींत एमसीबी अगदी नेमून दिलेलं काम करत असते.

अशा वेळी १० ची काढून २५ किंवा ३२ ची लावून देणारे लोक भेटतात. तसं करू देऊ नका. भिंतीतल्या पाइपातून जाणारी दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर साधारण १४-१५ अँपिअर झेपवते. ३२ ची एमसीबी तिला वाचवत नाही. वायर भिंतीत जळून जाईल आणि एमसीबी वरच राहील.

दुसरी, तीही फुकटची: मीटरचे टिकटिक मोजा

महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, १६०० किंवा ३२०० असं काहीतरी. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. फक्त गिझर चालू ठेवा. एक मिनिट लुकलुक मोजा. आलेल्या आकड्याला ६० ने गुणा, छापलेल्या आकड्याने भागा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं.

२००० वॅटचा गिझर पूर्ण व्होल्टेजवर चालत असेल तर १६०० च्या मीटरवर मिनिटाला ५३ च्या आसपास, ३२०० च्या मीटरवर १०६-१०७. आकडा ४५ आला तर शक्ती ४५ गुणिले ६० भागिले १६००, म्हणजे १.६९ किलोवॅट. पाटीवरचे तीनशे वॅट कमी पडले.

कमी का पडले, त्याचं उत्तर गिझरच्या रोधात आहे. २००० वॅटच्या कॉइलचा (पाणी तापवणाऱ्या तारेचा) रोध २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.५ ओहम. हा रोध ठरलेला. तापल्यावर नायक्रोमच्या तारेचा रोध फार थोडा वाढतो, तेवढा सोडून द्या. आता सॉकेटवर २३० ऐवजी २१० व्होल्टच पोचत असतील तर शक्ती २१० चा वर्ग भागिले २६.५, साधारण १६६५ वॅट. व्होल्टेज नऊ टक्के घटलं, पण शक्ती सतरा टक्के घटली, कारण वर्ग होतो. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला २००० वॅटला सव्वाअठरा मिनिटं लागतात, तेच १६६५ वॅटला बावीस मिनिटं. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता वेगळी.

इथे दोन गैरसमज नेहमी ऐकू येतात. एक, "व्होल्टेज कमी होतं म्हणून करंट वाढला आणि प्लग जळाला." इन्व्हर्टर एसीच्या बाबतीत व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो हे खरं आहे, कारण तो ठरलेली शक्ती ओढायचा प्रयत्न करतो. गिझर, इस्त्री, हीटिंग रॉड यांच्यात उलटं होतं. रोध तोच, व्होल्टेज कमी, म्हणून करंटही कमी. २१० व्होल्टवर हाच गिझर ८.७ ऐवजी ७.९ अँपिअर घेतो. तेव्हा प्लग जळाल्याचा दोष कमी व्होल्टेजला देऊ नका.

दुसरा गैरसमज क्षाराचा. घोडबंदर रोडवरच्या ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं तिथे कॉइलवर पांढरा थर जाड बसतो. थरामुळे कॉइल आतून जास्त तापते, लवकर फुटते, थर्मोस्टॅट वेळेआधी बंद होतो, हे सगळं होतं. पण थरामुळे रोध बदलत नाही, म्हणून शक्तीही बदलत नाही. लुकलुक पूर्ण आहे आणि पाणी कोमट येतंय, तर क्षाराकडे आणि थर्मोस्टॅटकडे बघा. लुकलुकच कमी आहे, तर व्होल्टेजकडे आणि जोडांकडे.

तिसरी, थोडा खर्च: लोड नसताना आणि असताना व्होल्टेज

या सगळ्यात मला सर्वात उपयोगी वाटणारी तपासणी ही. सॉकेटमध्ये खोचायचा व्होल्टमीटर किंवा व्होल्ट, अँपिअर, वॅट तिन्ही दाखवणारा खोचायचा मीटर बाजारात मिळतो. साधा मल्टिमीटर असेल तर त्याच्या लाल-काळ्या कांड्या चालू सॉकेटमध्ये घालायचं काम सवय नसलेल्याने करू नये. आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागी लावून गिझरचा करंट मोजायचा प्रयत्न तर कोणीच करू नये. करंटसाठी क्लॅम्प मीटर, म्हणजे आमच्या भाषेत टाँग टेस्टर वापरायचा. तोही एकाच वायरभोवती. फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळून चिमटीत धरल्या तर दोन्हीकडचे प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि आकडा शून्य येतो.

मोजायचं असं. गिझरच्या बोर्डावर त्याच लाइनचा दुसरा सॉकेट असेल तर त्यात व्होल्टमीटर खोचा. गिझर बंद असताना वाचा, चालू करून एक मिनिटाने वाचा. मग तेच डीबीजवळच्या सॉकेटवर करा.

नेरूळमधल्या एका घरातले आकडे देतो, म्हणजे गणित कसं लावायचं ते दिसेल. डीबीजवळ गिझर बंद असताना २३१, चालू असताना २३०. बाथरूमच्या बोर्डावर बंद असताना २३१, चालू केल्यावर २२२. करंट ८.४ अँपिअर.

पहिलं गणित: २२२ भागिले ८.४, म्हणजे २६.४ ओहम. कॉइल ठणठणीत आहे. दुसरं: २२२ गुणिले ८.४, म्हणजे १८६५ वॅट. तिसरं, आणि खरं कामाचं: डीबीपासून बोर्डापर्यंत आठ व्होल्ट वाटेत गेले. ८ भागिले ८.४ म्हणजे वाटेचा रोध ०.९५ ओहम. ८ गुणिले ८.४ म्हणजे ६७ वॅट उष्णता वाटेत तयार होते आहे.

वाटेचा रोध किती असायला हवा? अडीच एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.००७४ ओहम. अंतर बारा मीटर, जाण्या-येण्याचं धरून चोवीस. गुणाकार ०.१८ ओहम. म्हणजे दीड व्होल्ट उतरायला हवेत, उतरतायत आठ. वायरच्या वाट्याला बारा-तेरा वॅट, तेही चोवीस मीटरवर पसरलेले. हात लावून कळणारसुद्धा नाहीत. उरलेले पन्नासहून अधिक वॅट एखाद-दुसऱ्या जोडात एकवटलेत. रेडिओ दुरुस्तीवाला कथील वितळवतो ती सोल्डरिंग २५ वॅटची असते. तशा दोन सोल्डरिंग बोर्डाच्या आत चालू ठेवल्यासारखं हे आहे. प्लास्टिक का वितळतं, हे वेगळं सांगायला नको. त्या घरात दोष सॉकेटमध्ये नव्हताच, पॅसेजमधल्या जंक्शन बॉक्समध्ये दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली होती. सॉकेट कितीही वेळा बदलला असता तरी फरक पडला नसता.

आता तुमचे आकडे कसे वाचायचे. बोर्डावर दोन-तीन व्होल्ट उतरत असतील आणि वायर लांबची असेल तर ठीक. पाच-सहाच्या पुढे गेले तर जोड किंवा बारीक वायर शोधा. डीबीजवळच चार-पाच व्होल्ट उतरत असतील तर दोष घराच्या मुख्य स्विचकडे, मीटरकडे किंवा इमारतीच्या लाइनमध्ये आहे. आणि बोर्डावरचा आकडा चांगला असूनही प्लग तापत असेल तर तापणारा जोड बोर्डाच्या पुढचा: सॉकेटची पकड, पिन किंवा प्लगच्या आतला स्क्रू.

एक ध्यानात ठेवा, जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ०.२ ओहमचा तोच ढिला जोड ८.७ अँपिअरला १५ वॅट काढतो आणि १३ अँपिअरला जवळजवळ ३४. म्हणून जुना २००० वॅटचा गिझर वर्षानुवर्षं नीट चालला आणि नवा ३००० चा लावल्यावर महिन्यात सॉकेट काळा झाला, असं होतं. गिझर दोषी नसतो.

चौथी: गिझरचा रोध, सगळं बंद करून

एमसीबी खाली, प्लग सॉकेटमधून बाहेर. मल्टिमीटर ओहमवर. प्लगच्या दोन सारख्या पिनांवर, म्हणजे फेज आणि न्यूट्रलवर कांड्या लावा. थर्मोस्टॅट चालू बाजूला आणि टाकीतलं पाणी गार हवं, नाहीतर आतला संपर्क उघडा असतो आणि मीटर काहीच दाखवत नाही. २००० वॅटसाठी २५ ते २९ ओहम योग्य, ३००० साठी १७ ते १९.५. पाणी गार असूनही मीटर अनंत दाखवतो, तर कॉइल तुटली किंवा कटआउट (गिझर जास्त तापला की वीज तोडणारा स्विच) पडला. अपेक्षेपेक्षा बराच कमी रोध असेल तर कॉइल आत शॉर्ट होते आहे, गिझर लावू नका.

मग एक कांडी मोठ्या अर्थिंगच्या पिनवर आणि दुसरी आळीपाळीने बाकीच्या दोघांवर. इथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. किलोओहममध्ये आकडा आला तर कॉइलचं कवच फुटून आत पाणी शिरलंय. हिशेब बघा: २३० व्होल्टला ७६६७ ओहम म्हणजे ३० मिलिअँपिअर, आणि एवढ्यावर घरातली आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारं बटण) पडते. गिझर लावताच आरसीसीबी पडत असेल तर तिला दोष देऊ नका आणि चुकूनही बायपास करू नका. मल्टिमीटरने चांगलं दाखवलं तरी पूर्ण खात्री धरू नये, कारण त्याची बॅटरी जेमतेम काही व्होल्टची. ओलसर इन्सुलेशनची गळती ५०० व्होल्टच्या मेगरवरच (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवरच) दिसते, आणि तो वायरमनकडे असतो.

ही ओहमची पद्धत फक्त तापवणाऱ्या उपकरणांना लावा. पंपाच्या किंवा फ्रिजच्या वाइंडिंगचा रोध पाच-दहा ओहम भरतो. २३० ला त्याने भागून येणारा करंट खोटा असतो, कारण मोटारीत एसीला चुंबकीय अडथळाही असतो. तिथे नुसता व्होल्ट गुणिले अँपिअर करूनही खरे वॅट मिळत नाहीत, पॉवर फॅक्टरने (प्रत्यक्ष कामी येणाऱ्या वाट्याने) आणखी गुणावं लागतं. जुना पिवळा बल्बही याला अपवाद. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा, थंड असताना त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी.

पाचवी: सॉकेट उघडणं

हे काम ज्याने केलंय त्यानेच करावं. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेलं मला अनेकदा सापडलंय. मेन खाली करा, घरातल्यांना सांगून ठेवा, टेस्टर आधी चालू पॉइंटवर पेटतो का ते पाहून मग इथे लावा.

आत काय बघायचं? स्क्रूखालची तार चमकदार तांबडी आहे की काळी, हिरवट. खाडीकडच्या इमारतींत दमट हवेने पितळ आणि तांबं दोन्ही लवकर खराब होतात. तारेचे काही धागे स्क्रूबाहेर राहिलेत का. सॉकेटच्या पितळी पकडीत ताण उरलाय का. पितळ एकदा खूप तापलं की त्याची स्प्रिंग मरते, पकड सैल होते, रोध वाढतो, आणखी तापतं. म्हणूनच सॉकेट आणि पिन टॉप दोन्ही एकदम बदलायचे. काळी पिन नव्या सॉकेटमध्ये घातली की नवा सॉकेटही त्याच वाटेने जातो. आणि करपलेल्या तारेचं टोक चमकदार तांबं दिसेपर्यंत कापून मागे घ्यायचं. हे शेवटचं बहुतेक जण करत नाहीत, आणि तक्रार परत येण्याचं माझ्या पाहण्यातलं सर्वात मोठं कारण हेच.

तार कापून आखूड पडत असेल तर पिळून टेप लावू नका. कनेक्टर लावा किंवा नवी वायर ओढा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

नळाला, शॉवरला किंवा गिझरच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर कुठलीही तपासणी करत बसू नका. मेन खाली करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.

तार चंदेरी, मऊ निघाली तर ती अॅल्युमिनियमची. जुन्या इमारतींत अजून सापडते. तिच्यावर ऑक्साइडचा थर चटकन बसतो, स्क्रूखाली ती हळूहळू चेपली जाते, आणि तांब्याशी थेट जोडली की जोड कुजतो. तिथे स्क्रू आवळून भागत नाही, लाइन बदलावी लागते.

वायरचं आवरण बोट लावल्यावर तडकत असेल, भिंतीतून वास येत असेल किंवा अर्थिंगची तारच नसेल, तर घरच्या घरी काही करू नका.

गिझर लागल्यावर काही दिवे मंद आणि काही नेहमीपेक्षा प्रखर झाले, किंवा व्होल्टमीटरने २५० च्या वर व्होल्ट दाखवले, तर इमारतीचा न्यूट्रल सैल असण्याची दाट शक्यता आहे. एका फ्लॅटचं व्होल्टेज उतरतं, दुसऱ्याचं चढतं आणि टीव्ही-फ्रिज जळतात. लगेच मेन बंद करा, सोसायटीला सांगा, शेजाऱ्यांना सांगा आणि १९१२ वर तक्रार द्या. मीटर आणि त्याच्या आधीचा सीलबंद भाग वीज कंपनीचा असतो. तिथे तुम्ही किंवा खासगी वायरमनने हात घालायचा नाही.

वायरमनला फोन करताना "प्लग जळतोय" एवढंच सांगू नका. गिझर किती वॅटचा, बोर्डावर लोड नसताना आणि असताना किती व्होल्ट, डीबीजवळ किती, करंट किती, हे सांगा. तो योग्य वायर आणि कनेक्टर घेऊनच येईल. काम झाल्यावर त्याच्यासमोर गिझर पंधरा मिनिटं चालवा आणि तेच आकडे परत घ्या. आठ व्होल्टची घट दीड-दोनवर आलेली दिसली की पैसे द्या, आणि तो आकडा तारखेसह डीबीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा.